पंढरीनाथास परत आणणारे संत भानुदास

आषाढी-कार्तिकीस पंढरपुरी जावे, ही ओढ घरापासून दूर राहणाऱ्या मराठी माणसास अंमळ अधिकच असते. परंतु प्रत्यक्ष पंढरीनाथच एके काळी या कन्नड मुलखात मुक्कामास आले होते आणि पैठणच्या एका भक्ताने त्यांस परत नेले, ही कथा पीण्यात जन्मलेल्या आपल्या मुलाबाळांस फारशी ठाऊक नसावी. म्हणून मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आम्ही संत भानुदासांचे चरित्र निवडले आहे.

भानुदासांचा जन्म गोदातीरी पैठण येथे देशस्थ ब्राह्मण कुळात झाला. परंपरेने त्यांचा काळ इ. स. १४४८ ते १५१३ असा मानतात. संत एकनाथांचे ते पणजोबा होत. महिपतींनी १७६२ साली रचलेल्या ‘भक्तविजया’त त्यांची हकीकत आली आहे. वडील रागावले म्हणून हा लहानगा मुलगा घर सोडून एका पडक्या सूर्यमंदिरात जाऊन बसला. तेथे सात दिवस एक तेजस्वी ब्राह्मण त्यास दूध आणून देत असे. तो ब्राह्मण म्हणजे साक्षात सूर्यनारायण, अशी सर्वांची श्रद्धा बसली आणि मुलास भानुदास हे नाव लाभले.

पुढे संसार वाढला, पण मिळकत काही नव्हती. तेव्हा गावच्या भल्या मंडळींनी भांडवल उभे करून त्यांस कापडाचा व्यापार काढून दिला. भानुदास गिऱ्हाईकास खरेदीची किंमत आणि आपला नफा दोन्ही उघड सांगत. प्रारंभी लोक हसले. मग सारे गिऱ्हाईक त्यांच्याचकडे वळले आणि इतर व्यापाऱ्यांच्या पोटात दुखू लागले. एकदा बाजाराच्या गावी भानुदास रात्री कीर्तनास गेले असता त्या सोबत्यांनी त्यांचा घोडा सोडून दिला व कापडाचे गठ्ठे खड्ड्यात टाकले. त्याच रात्री दरोडा पडून ते व्यापारी नागवले गेले. भानुदासांचा माल मात्र खड्ड्यात सुरक्षित राहिला! या प्रसंगानंतर त्यांनी व्यापार सोडला आणि विठ्ठलभक्तीस वाहून घेतले. चमत्कार बाजूस ठेवला, तरी भाव उघड सांगणारा व्यापारी हीच गोष्ट आम्हांस पुरेशी नवलाची वाटते.

आता मुख्य कथेकडे वळू. विजयनगरचा राजा पंढरपुरी आला, विठ्ठलाच्या रूपावर लुब्ध झाला आणि मूर्ती आपल्या राजधानीस घेऊन गेला. वारकरी आले, तो गाभारा रिता! भजनास उभे राहावे तरी कोणासमोर? तेव्हा देवास परत आणण्याचे भानुदासांनी पत्करले व ते पायी विजयनगरास गेले. देवळास कुलुपे आणि पहारे होते. पण भक्तासमोर दारे आपोआप उघडली. देवाने आपल्या गळ्यातील रत्नहार त्यांच्या गळ्यात घातला. सकाळी हार नाहीसा झाल्याचे पाहून शोध सुरू झाला. नदीकाठी भानुदासांपाशी तो सापडला आणि राजाने त्यांस सुळावर देण्याची आज्ञा केली. पण कोरड्या सुळास पालवी फुटली. राजा खजील होऊन शरण आला. मग विठ्ठल इवलेसे रूप घेऊन भानुदासांबरोबर निघाले आणि पंढरीस येताच पूर्ववत विटेवर उभे राहिले.

आमचा जन्म सरकारी नोकरीत गेला. तारीख जुळल्यावाचून कागद पुढे सरकत नाही, ही सवय अंगी मुरलेली. महिपती या राजास रामराजा म्हणतात. परंतु रामराय १५६५ साली तालिकोटच्या लढाईत मारला गेला, म्हणजे तो भानुदासांनंतरचा. म्हणून पुष्कळजण कृष्णदेवरायाचे नाव घेतात. तो गादीवर आला १५०९ साली, म्हणजे परंपरेच्या हिशेबाने मध्ये अवघी चार वर्षे उरतात. त्यातही हंपीचे विठ्ठलमंदिर कृष्णदेवरायाच्या आधीचे. त्याच्या राण्यांनी १५१३ साली तेथे गोपुरे उभारली, आणि १५५४ मध्येसुद्धा तेथे झोपाळ्याचा मंडप बांधला गेला. म्हणजे पंढरीस देव परतल्याचे सांगतात त्यानंतरही हंपीत विठ्ठलाची पूजा चालूच होती. तेथेच तुंगभद्रेकाठी पुरंदरदासांनी आपल्या प्रत्येक पदाच्या शेवटी विठ्ठलाचे नाव गुंफले. कन्नड जनांस ती पदे आजही मुखोद्गत आहेत. उलट पंढरपूरच्या देवळात होयसळ राजा सोमेश्वराचा १२३७ चा शिलालेख आहे. तेव्हा देव आमचा की तुमचा, हा वाद आम्हांस मुळातच पोकळ वाटतो.

मग भानुदासांनी केले ते काय? आमच्या मते त्यांनी राजाच्या कुलुपातील देव पुन्हा वारीच्या गर्दीत आणून उभा केला. पंढरीस भक्त विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवतो. मध्ये पहारेकरी नाही. अर्थात हे सर्वांच्या वाट्यास आले नाही. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर, पायरीपाशी आहे, आणि हरिजनांस मंदिर खुले होण्यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. भानुदासांनी देव परत आणल्यावरही सव्वाचारशे वर्षे एक दार बंदच राहिले होते, हे मुलांस कथा सांगताना वगळू नये.

भानुदासांचे पुत्र चक्रपाणी, त्यांचे सूर्यनारायण आणि त्यांचे एकनाथ. भानुदासांची समाधी पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरातच आहे. दर्शनाच्या घाईत ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. हंपीचे विठ्ठलमंदिर तालिकोटच्या लढाईनंतर उद्ध्वस्त झाले. पन्नास रुपयांच्या नव्या नोटेवर जो दगडी रथ छापला आहे, तो त्याच देवळाच्या प्रांगणातील. आपल्या कारखान्यांवरून जाणारा तुमकूर रस्ता धरून हिरियूर, चित्रदुर्गमार्गे होसपेटला पोहोचले की हंपी जवळच. तेथे रथ आणि सूर देणारे खांब पाहण्यास लोकांची दाटी असते. तसेच आत जावे; गाभाऱ्यात मूर्ती नाही.