‘ऑइल!’ लिहिणारे अप्टन सिंक्लेअर

बऱ्हाणपुराजवळच्या एखाद्या शेतातून रस्ता जाणार अशी नुसती आवई उठली, तरी भाऊबंदकी कशी सुरू होते, हे आम्ही मंडळींनी पुष्कळदा पाहिले आहे. अमेरिकन लेखक अप्टन सिंक्लेअर यांनी तेच कॅलिफोर्नियातील सिग्नल हिल येथे पाहिले. तिथे १९२१ मध्ये तेल लागले. त्यांच्या पत्नीचे तिथे छोटे प्लॉट होते. कंपनीशी एकत्र करार करण्यासाठी प्लॉटवाल्यांची बैठक भरली आणि हिश्शावरून शेजारी-शेजारी हमरीतुमरीवर आले. त्यातून १९२७ ची ‘ऑइल!’ ही कादंबरी जन्मली.

सिंक्लेअर यांचा जन्म २० सप्टेंबर १८७८ चा, बाल्टिमोरचा. वडील दारूचे विक्रेते आणि दारूच्याच आहारी गेलेले. आजोळ मात्र श्रीमंत. गरिबी आणि श्रीमंती दोन्ही त्यांनी लहानपणीच पाहिली. शिकागोच्या कत्तलखान्यांवरील ‘द जंगल’ १९०६ मध्ये आली आणि त्याच वर्षी अमेरिकेत अन्नशुद्धीचे कायदे झाले.

‘ऑइल!’मागे एक खरा घोटाळाही होता. नौदलासाठी राखून ठेवलेली तेलक्षेत्रे मंत्री अल्बर्ट फॉल यांनी निविदा न मागवता खासगी कंपन्यांना दिली. त्याआधी, १९२१ मध्ये, तेलसम्राट एडवर्ड डोहेनी यांचा मुलगा बॅगेतून एक लाख डॉलर रोख घेऊन फॉल यांच्याकडे गेला होता. डोहेनी म्हणे ते कर्ज होते. तारण नाही, व्याज नाही आणि चौकशीत दाखवलेल्या वचनचिठ्ठीवरचा सहीचा तुकडाच फाडलेला! बँकेत जन्म गेलेल्या आमच्यासारख्यांना हे वाचून हसावे की रडावे कळेना. १९२९ मध्ये लाच घेतल्याबद्दल फॉल दोषी ठरले. १९३० मध्ये तीच लाच दिल्याच्या आरोपातून डोहेनी निर्दोष सुटले. घेणारा तुरुंगात, देणारा घरी.

बॉस्टनमध्ये कादंबरीवर अश्लीलतेचा ठपका आला. सिंक्लेअर यांनी आक्षेपार्ह पानांवर अंजिराचे पान छापून खास आवृत्ती काढली आणि गळ्यात पाटी अडकवून ती रस्त्यावर विकली. १९३४ मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिले आणि हरले. १९४३ मध्ये दुसऱ्या कादंबरीला पुलित्झर मिळाले.

त्यांचा वाचक आपल्याकडेही होता. १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगातून भगतसिंगांनी मागवलेल्या पुस्तकांत सिंक्लेअर यांचे एक पुस्तक होते.

२५ नोव्हेंबर १९६८ रोजी सिंक्लेअर वारले. ‘ऑइल!’वरून २००७ मध्ये चित्रपट निघाला, तो आमच्यापैकी काहींनी पाहिला. विहिरी आहेत, पैसा आहे, पण मंत्री आणि ती बॅग त्यात नाही. त्यासाठी पुस्तकच उघडावे लागते.