रुपेरी पक्ष्याचा जनक

सामान घेऊन अंतराळात जावे आणि विमानासारखे धावपट्टीवर उतरावे, या कल्पनेपायी ऑयगेन झेंगर यांनी आयुष्य वेचले. १९०५ मध्ये बोहेमियात जन्मलेल्या या ऑस्ट्रियन अभियंत्याचा रॉकेट-उड्डाणावरील प्रबंध व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठाने नाकारला. विमानाच्या पंखांच्या रचनेवर लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. नाकारलेला विषय मात्र १९३३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला.

पुढे जर्मनीत त्यांनी इरेने ब्रेड्ट या विदुषीसह ‘रुपेरी पक्षी’ कागदावर उतरवला. सुमारे १०० टनांचे हे यान ३ किलोमीटर लांब रुळांवरून सुटणार होते आणि पाण्यावर भिरकावलेल्या चपट्या दगडाप्रमाणे वातावरणावर टप्पे घेत जाणार होते. १९४४ च्या अहवालात त्याचे काम एकच होते, दूरच्या शहरांवर बॉम्ब टाकणे. झेंगर यांच्या कीर्तीवरील हा डाग पुसला जात नाही. यान बांधले गेले नाही, हे बरेच झाले!

युद्धानंतर ते फ्रान्समध्ये गेले. १९५१ मध्ये ते आंतरराष्ट्रीय अंतराळ महासंघाचे पहिले अध्यक्ष झाले. ब्रेड्ट यांच्याशी विवाहही त्याच वर्षीचा. अखेरच्या वर्षांत युंकर्स कंपनीसाठी ते पुन्हा पंखांच्या यानाकडे वळले. या वेळी त्यात बॉम्ब नव्हते, कक्षेत नेण्याचा माल होता. १९६४ मध्ये बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले. कक्षेतून परतलेले पंखांचे यान धावपट्टीवर उतरले ते १९८१ मध्ये, अमेरिकेत.