न मारणारी बंदूक

क्रिकेटमध्ये गोलंदाजाचा हात कोपरातून १५ अंशांपेक्षा जास्त सरळ झाला तर चेंडू अवैध ठरतो. हे मोजतात कसे? सांध्यांवर चमकणाऱ्या लहान गोळ्या चिकटवतात आणि भोवती कॅमेरे लावतात. संगणक फक्त त्या ठिपक्यांचा हिशेब ठेवतो. पण ही युक्ती संगणकाच्या फार आधीची आहे. ती एतियन-जूल मारे यांची.

मारे यांचा जन्म १८३० साली फ्रान्समधील बोन या गावी झाला. त्यांना इंजिनिअर व्हायचे होते, वडिलांच्या इच्छेखातर डॉक्टर झाले. (हे आपल्याकडेही घरोघरी चालते!) तरी यंत्रांचा नाद सुटला नाही. १८६० मध्ये त्यांनी नाडीचे ठोके कागदावर रेषेने उमटवणारे उपकरण बनवले. पुढे घोड्याच्या खुरांना हवेच्या पिशव्या बांधून, भरधाव धावताना चारही पाय क्षणभर जमिनीवर नसतात, हे दाखवले. पुष्कळांना ते पटेना. १८७८ मध्ये अमेरिकेत मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे लावून छायाचित्रे घेतली, तेव्हा शंका मिटली.

१८८२ साली मारे यांनी सेकंदाला १२ चित्रे घेणारी बंदूक तयार केली. इटलीत नेपल्सजवळ ते ती पक्ष्यांवर रोखत, पण एकही पक्षी पडत नसे. गावकऱ्यांनी त्यांना वेड्यात काढले.

त्याच वर्षी पॅरिसमध्ये त्यांची प्रयोगशाळा सुरू झाली. तिथे एकाच काचेवर ते चालणाऱ्या माणसाची अनेक चित्रे घेत. पण हात-पाय एकमेकांवर येऊन सगळा गोंधळ व्हायचा. जास्त चित्रे घ्यावीत तर गोंधळही वाढायचा. तेव्हा त्यांनी उलटा विचार केला. माणसाला पायापासून डोक्यापर्यंत काळा पोशाख घातला, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या आणि सांध्यांवर चमकती बटणे लावली, मागे काळा पडदा. माणूस नाहीसा झाला. काचेवर उरल्या फक्त रेषा आणि ठिपके. आता पट्टी घेऊन कोन मोजता येऊ लागले. माझ्या मते त्यांच्या साऱ्या शोधांत हाच सर्वांत मोठा.

गचीबावलीला बॅडमिंटन शिकणारी आपली मुले मोबाईलवर व्हिडिओ घेतात, ‘किनोव्हिया’सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाकतात आणि एकेका फ्रेमवर ठिपके देत रात्र घालवतात. त्यांनी मारे यांच्यासारखी तयारी आधीच करावी. गुडघा पाहायचा की मनगट, ते ठरवा. सांध्यावर ठळक टिकली लावा. कॅमेरा स्टँडवर, हालचालीला काटकोनात ठेवा. मागची भिंत मोकळी असू द्या. मग सॉफ्टवेअर तो ठिपका बहुतेक वेळा आपोआप धरून ठेवते. १८९१ मध्ये जर्मनीत ब्राउने आणि फिशर यांना माणसाच्या काही पावलांचा हिशेब हाताने करायला कित्येक महिने लागले होते.

मारे यांचे सहायक जॉर्ज देमेनी यांना मात्र ही चित्रे हलती करून लोकांना दाखवायची, त्यातून व्यवसाय करायचा होता. मारे यांना हालचाल मोजण्यातच रस होता. १८९४ मध्ये दोघांचे बिनसले आणि देमेनींना जावे लागले. पुढच्याच वर्षी ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून चलच्चित्रे दाखवली. आपले दादासाहेब फाळके तेव्हा पंचविशीत होते. पुढे त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम टिपून पडद्यावर आणली.

मारे १९०४ मध्ये पॅरिसला वारले. गंमत म्हणजे मायब्रिज यांचाही जन्म १८३० चा आणि मृत्यू १९०४ चाच.