जोसेफ हेन्री : विद्युतचुंबकाला बळ देणारा शिक्षक

जोसेफ हेन्री यांचा जन्म १७९७ साली अमेरिकेतील ऑल्बनी येथे गरीब कुटुंबात झाला. तेराव्या वर्षी ते घड्याळजीकडे उमेदवारी करू लागले. पुढे नि:शुल्क प्रवेश मिळाल्याने ते ऑल्बनी अकादमीत शिकले आणि १८२६ मध्ये तेथेच प्राध्यापक झाले.

इंग्लंडच्या विल्यम स्टर्जन यांनी लोखंडावर उघडी तार गुंडाळून विद्युतचुंबक बनवला होता. वेढे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ते विरळ ठेवावे लागत. हेन्री यांनी तारेलाच रेशमाचे आवरण दिले. त्यामुळे दाट, थरावर थर वेढे देता आले. येल महाविद्यालयासाठी त्यांनी १८३१ मध्ये बनवलेल्या चुंबकाने ९०० किलोहून अधिक वजन उचलले.

बदलत्या चुंबकत्वातून वीज निर्माण होते, हेही त्यांना प्रयोगांत दिसले. पण शिकवण्याच्या व्यापातून प्रयोगांना वेळ मिळे तो प्रामुख्याने सुट्टीत. निष्कर्ष छापून येण्याआधीच लंडनच्या मायकेल फॅरेडे यांनी हा शोध जाहीर केला आणि श्रेय त्यांना मिळाले. मात्र १८३२ च्या आपल्या निबंधात हेन्री यांनी स्वयंप्रवर्तनही मांडले : वेटोळ्यातील प्रवाह बदलला, की त्याच वेटोळ्यात त्या बदलाला विरोध करणारा दाब निर्माण होतो.

त्यांच्या चुंबकावर पुढे मोर्सची तारयंत्रणा उभी राहिली. हेन्री यांनी पेटंट घेतले नाही. १८४६ मध्ये ते स्मिथसोनियन संस्थेचे पहिले सचिव झाले आणि तारायंत्राद्वारे हवामानाच्या नोंदी गोळा करू लागले. १८७८ मध्ये त्यांचे निधन झाले. मोबाइल चार्जरमधील वेटोळ्याचे प्रवर्तन आजही ‘हेन्री’ याच एककात मोजतात.