संगीत रंगभूमीचे शिल्पकार : कै. अण्णासाहेब किर्लोस्कर

गोमंतकातील देवस्थानांच्या उत्सवांत पालखी देवळात परतल्यानंतर मंडपात नाटकाचा पडदा वर जातो, ही परंपरा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. त्या पडद्यामागून ‘संगीत सौभद्रा’चे सूर ऐकत आपली कितीतरी घराणी वाढली. सौभद्राचे कर्ते म्हणून अण्णासाहेब किर्लोस्करांचे नाव सर्वश्रुत आहे. परंतु ते नाटक ज्यांच्या मुखातून प्रथम बाहेर पडले ती नटमंडळी त्यांनी कशी जमवली, कशी घडवली, याचा इतिहास त्या मानाने थोड्यांना ठाऊक असतो. वास्तविक नाटके ही त्यांची अर्धी कामगिरी होय. उरलेली अर्धी म्हणजे त्यांनी उभी केलेली मंडळी.

बळवंत पांडुरंग किर्लोस्कर यांचा जन्म दि. ३१ मार्च १८४३ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. योगायोग असा की, त्याच वर्षी सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर करून मराठी रंगभूमीचा पाया घातला. बळवंतरावांचा प्रदेश कानडी-मराठीच्या संगमाचा. घरात मराठी, बाजारात कानडी, देवळात कीर्तन आणि गावात यक्षगानाच्या वळणाचे खेळ, अशा वातावरणात त्यांचा कान तयार झाला. शिक्षणासाठी पुण्यास असताना नाटकाचा नाद जडला व फिरत्या मंडळ्यांना पदे रचून देण्यास त्यांनी आरंभ केला. पुढे बेळगावास त्यांनी शिक्षकाचे काम केले. पुढे थोर नाटककार झालेले गोविंद बल्लाळ देवल हे तेथील त्यांचे विद्यार्थी. १८७३ साली त्यांचे ‘शांकरदिग्विजय’ हे गद्य नाटक प्रसिद्ध झाले. त्यानंतर रेव्हिन्यू कमिशनरांच्या कचेरीतील नोकरीनिमित्त ते पुन्हा पुण्यास आले.

त्या काळी नाटकाचा धंदा प्रतिष्ठित समजला जात नसे. नाटकवाला म्हणजे घरादारास पारखा झालेला मनुष्य, अशीच लोकांची समजूत होती. पौराणिक खेळांत गाण्याचा सारा भार सूत्रधार व त्याच्या साथीदारांवर असे. पात्रे आयत्या वेळी सुचेल ते भाषण करीत. अशा स्थितीत सरकारी नोकरीतील, चाळिशीच्या उंबरठ्यावर आलेल्या गृहस्थाने नाटक मंडळी काढणे म्हणजे आपली अब्रू पणास लावण्यासारखे होते.

पुण्यात पारशी मंडळीने केलेला ‘इंद्रसभा’ हा गाण्यांनी भरलेला खेळ अण्णासाहेबांच्या पाहण्यात आला. असे संगीत नाटक मराठीत का होऊ नये, या विचाराने त्यांनी कालिदासाचे ‘शाकुंतल’ हाती घेतले. कचेरीचे काम सांभाळून भाषांतर, पदरचना व तालमी सुरू झाल्या. दि. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. मोरोबा वाघोलीकर दुष्यंत, बाळकोबा नाटेकर कण्व, शंकरराव मुजुमदार शकुंतला आणि स्वतः अण्णासाहेब सूत्रधार होते.

या प्रयोगाने पडद्यामागील सारी व्यवस्थाच पालटली. पद आता पात्राच्याच मुखी आले. म्हणून नटाला गळा हवा, पाठांतर हवे आणि शुद्ध वाणीही हवी. संहिता लिखित असल्याने आयत्या वेळच्या भाषणास वाव उरला नाही व तालीम अपरिहार्य झाली. अण्णासाहेब पदे रचताना आपल्या नटांचे गळे डोळ्यांसमोर ठेवीत. कुणाला ख्यालाच्या अंगाची चीज, कुणाला साकी वा दिंडी, कुठे लावणीची चाल, तर कुठे आपल्या मुलखातील कानडी पदाचे वळण, अशी ती योजना असे. स्त्रीभूमिका पुरुषांनीच करावयाच्या, त्यामुळे गोड गळ्याच्या देखण्या तरुणाचा शोध हा मंडळीच्या चालकास नित्याचाच घोर असे.

त्या शोधातून १८८२ साली बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर मंडळीस लाभले. त्यांचा उंच, धारदार आवाज ऐकताच शकुंतलेची भूमिका त्यांच्याकडे गेली. मुजुमदार मात्र मंडळीतच राहिले, पुढे तिचे व्यवस्थापक झाले आणि त्यांनीच अण्णासाहेबांचे चरित्र लिहिले. मानाची भूमिका दुसऱ्याकडे जाऊनही ज्या संस्थेतून माणूस उठून जात नाही, त्या संस्थेचे संस्कार वेगळे सांगावयास नकोत.

दि. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी ‘सौभद्रा’चे पहिले तीन अंक रंगभूमीवर आले, पाच अंकांचे पूर्ण नाटक पुढील वर्षी झाले. मोरोबांचा अर्जुन व भाऊरावांची सुभद्रा यांनी प्रेक्षकांना वेड लावले. पुराणातील यादवकुळ या नाटकात मराठी घरासारखे बोलू-वागू लागले. १८८४ साली ‘रामराज्यवियोगा’चे तीन अंक सादर झाले. त्यात लोकप्रिय नायिका भाऊरावांना अण्णासाहेबांनी मंथरेची भूमिका दिली व भाऊरावांनी तिचे सोने केले. अशा रीतीने तिन्ही नाटके प्रथम अपुऱ्याच रूपात लोकांपुढे आली. पहिली दोन त्यांनी पूर्ण केली; तिसरे मात्र अपुरेच राहिले. दि. २ नोव्हेंबर १८८५ रोजी गुर्लहोसूर येथे, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

चालक गेला की नाटक मंडळी विस्कटते, हा सर्वसाधारण अनुभव. किर्लोस्कर मंडळी मात्र टिकली. भाऊरावांनी १९०१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिची धुरा वाहिली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘वीरतनय’ (१८९६), देवलांचे ‘शारदा’ (१८९९) व खाडिलकरांचे ‘मानापमान’ (१९११) ही नाटके याच मंडळीने रंगभूमीवर आणली. १९०५ साली नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, याच मंडळीत दाखल झाले. अण्णासाहेबांच्या हातून मंडळीचा कारभार जेमतेम पाच वर्षे झाला. परंतु त्या पाच वर्षांत त्यांनी लावलेली तालमीची शिस्त व जोडलेली माणसे यांवर पुढील अर्धशतकाची संगीत रंगभूमी उभी राहिली.

उत्सवाचे नाटक बसविताना तालमीस वेळेवर येणे, गळ्यानुसार भूमिका वाटणे, लहान भूमिकेतही मान मानणे हे ज्या ज्या गावी आजही पाळले जाते, त्या त्या गावी अण्णासाहेबांची परंपरा जिवंत आहे. अशा या थोर पुरुषाच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.