सर्पगंधा जगापुढे नेणारे डॉ. वकील

भारतीय वैद्यकाच्या इतिहासात एखाद्या वनस्पतीशी एखाद्या डॉक्टरचे नाव कायमचे जोडले जावे, असे विरळाच घडते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील आणि सर्पगंधा यांचे नाते असेच आहे. विशेष म्हणजे, रक्तदाबावरील त्यांच्या संशोधनाने पुढे नैराश्याच्या शास्त्रीय अभ्यासालाही अनपेक्षित वाट करून दिली.

१९११ मध्ये जन्मलेल्या वकील यांनी लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतले व मायदेशी परतून मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात काम केले. उच्च रक्तदाबावर त्या काळी खात्रीचे औषध नव्हते. सर्पगंधेचे मूळ मात्र निद्रानाश व उन्मादावर पिढ्यान्‌पिढ्या दिले जात असे. कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये त्याचे दोन्ही गुण नोंदविले होते. पण पाश्चात्त्य वैद्यकाचे तिकडे लक्ष गेले नव्हते.

केवळ परंपरेच्या भरवशावर न राहता वकील यांनी ५० रुग्णांवर या औषधाची चाचणी घेतली. त्यांचा निबंध १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला आणि चित्र पालटले. अमेरिकेत बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी सर्पगंधेचा वापर सुरू केला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या ‘सिबा’ कंपनीतील संशोधकांनी तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. न्यूयॉर्कचे नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिले. १९५७ मध्ये वकील, क्लाइन आदींना लास्कर पुरस्कार मिळाला. १९५८ मध्ये भारत सरकारने वकील यांना पद्मभूषण दिले.

मात्र यशासोबत एक चिंताही आली. दीर्घकाळ मोठ्या मात्रेत रेसर्पिन घेणारे काही रुग्ण खिन्न होत असल्याच्या नोंदी १९५४ पासून येऊ लागल्या. हे द्रव्य मेंदूतील सेरोटोनिन व नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचे साठे रिते करते, असे प्रयोगांत दिसले. या रसायनांच्या कमतरतेतून नैराश्य येत असावे, हा सिद्धांत त्यातूनच बळावला. नैराश्य म्हणजे दुबळे मन नव्हे, त्याला शारीरिक बाजूही आहे, ही जाणीव रुजण्यास त्याने हातभार लावला. नैराश्यावरील नवी औषधे पारखण्यासाठी रेसर्पिन दिलेले प्राणी प्रयोगशाळांत वापरले गेले.

तथापि शास्त्राने तेथेच पूर्णविराम दिला नाही. लंडनमधील १९५५ च्या एका नियंत्रित चाचणीत चिंताग्रस्त व उदास रुग्णांना रेसर्पिनचा उलट फायदाच झाला होता. आज नैराश्याचे कारण एका रसायनाच्या तुटवड्यात शोधणे अपुरे मानले जाते. आनुवंशिकता, आघात, दारिद्र्य, एकाकीपण यांचाही त्यात वाटा असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात आप्त आणि घरदार गमावलेल्या लातूर परिसराला हे वेगळे सांगायला नको. त्या दुःखाला औषधाइतकीच माणसांच्या आधाराची गरज होती.

डॉ. वकील यांचे १९७४ मध्ये निधन झाले. रेसर्पिनची जागा आता अधिक सुरक्षित औषधांनी घेतली आहे. परंतु परंपरेचा दावा न हिणवता, न डोक्यावर घेता, तो रुग्णाच्या खाटेपाशी तपासून पाहण्याची त्यांची रीत जुनी झालेली नाही.