दोन छावण्यांमधला प्रवासी

बदलापूरच्या फलाटावर लोकलची वाट पाहण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना डेक्कन क्वीन ठाऊक असते ती पाठमोरीच. सकाळच्या गर्दीत घोषणा होते, माणसे दोन पावले मागे सरतात, धुळीचा लोट अंगावर येतो आणि पुण्याची मंडळी मुंबईकडे निघून गेलेली असतात. बँकेतल्या नोकरीची तीस वर्षे मी हा सोहळा पाहिला आणि त्या गाडीत बसणाऱ्यांचा थोडा हेवाही केला. पुढे निवृत्तीनंतर वाचन वाढले, तेव्हा कळले की माझ्या जन्माच्या आगेमागे दामोदर धर्मानंद कोसंबी याच गाडीने पुण्याहून मुंबईला नित्य ये-जा करीत असत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते गणिताचे प्राध्यापक होते. १९४६ च्या सुमारास सुरू झालेली ही नोकरी १९६२ साली संपली. नेमक्या याच सोळा वर्षांत सारे जग दोन छावण्यांत वाटले गेले. एका छावणीने स्वातंत्र्य हा शब्द आपल्या मालकीचा केला, दुसरीने शांतता हा शब्द. या वाटणीत स्वतंत्र बुद्धीच्या माणसाचे काय होते, हे पाहायचे तर कोसंबींच्या आयुष्याइतके बोलके उदाहरण मराठी मुलखात दुसरे सापडणे कठीण.

छावणी हा शब्द आमच्या पट्ट्याला नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी उभारलेल्या तळावर फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे उल्हासनगरची पायाभरणी झाली; तरी आजही पत्ता सांगताना माणसे कॅम्प नंबर चार, कॅम्प नंबर पाच असेच सांगतात. अंबरनाथला संरक्षण खात्याचा कारखाना. शेजारचे काका तिथे नेमके काय बनवतात हे विचारायचे नसते, एवढे आम्हा मुलांना कोणी न सांगताच उमगले होते. शाळा सुरू झाली की वह्यापुस्तकांना कव्हरे घालायला सोव्हिएत देश या नियतकालिकाचे गुळगुळीत कागद मिळत. एखाद्या सुखवस्तू घरात अमेरिकेचे स्पॅन येई. कोणत्या महासत्तेचा कागद अधिक टिकतो, एवढाच आमचा शीतयुद्धाशी संबंध. तो कागद इतका स्वस्त का, त्याचे पैसे कोण भरते, हा प्रश्न मला बँकेत गेल्यावर पडू लागला.

कोसंबींचा जन्म गोव्यातला, ३१ जुलै १९०७ चा. वडील धर्मानंद हे बौद्ध वाङ्मयाचे थोर अभ्यासक. त्यांच्या हार्वर्डमधल्या कामामुळे दामोदर अकरा वर्षांचे असताना अमेरिकेला गेले. पुढे १९२९ साली ते हार्वर्डमधून सर्वोच्च गुणवत्तेने पदवीधर झाले. बनारस आणि अलीगढ येथे शिकवून १९३० च्या दशकात ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. त्यांचे मूळ काम भूमितीतले. पण संख्याशास्त्र हाती आल्यावर त्यांनी तक्षशिलेच्या ठेव्यांतली प्राचीन नाणी एकेक करून तोलली, आणि नाणे वापरात राहून किती झिजले यावरून त्याचे वय काढण्याची रीत बसवली. त्यांनी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, टेकड्या पायाखाली घालून दगडी हत्यारे गोळा केली आणि १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवी दिशा देणारा ग्रंथ लिहिला. राजांच्या वंशावळींपेक्षा नांगर, गोत्र आणि ग्रामदैवत यांत इतिहास शोधावा, हे आज अनेकांना पटते. त्याची वाट त्यांनी पाडली.

स्वभाव मात्र तिखट. मूर्खपणा सहन होत नसे आणि तो लपवताही येत नसे. अशा माणसाला छावणीत राहणे अवघडच.

१९४८-४९ साली युनेस्कोची अभ्यासवृत्ती मिळाली. गणकयंत्रे पाहण्यासाठी ते इंग्लंड-अमेरिकेत गेले. प्रिन्स्टनच्या ज्या संस्थेत ते काही काळ राहिले, तिथे आइन्स्टाइन होते आणि संचालक होते अणुबाँबचे जनक ओपनहायमर. १९४९ च्या वसंतात शिकागो विद्यापीठात त्यांनी भूमिती शिकवली. त्यांच्या तारुण्यातली अमेरिका आता उरली नव्हती. सरकारी नोकरांच्या निष्ठेची तपासणी १९४७ पासूनच सुरू झाली होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९४९ मध्ये अध्यापकांवर शपथपत्राची सक्ती केली. आणि ज्या वसंतात कोसंबी शिकागोत फळ्यापुढे उभे होते, त्याच वसंतात इलिनॉय राज्याच्या एका आयोगाने त्या विद्यापीठात देशविघातक विचार शिकवले जातात काय, याची चौकशी मांडली होती. विद्यापीठाचे प्रमुख हचिन्स ठामपणे अध्यापकांच्या पाठीशी उभे राहिले. सगळीकडे असे प्रमुख नव्हते. पाच वर्षांनी, १९५४ मध्ये, खुद्द ओपनहायमर यांची सरकारी गुपिते पाहण्याची परवानगी काढून घेण्यात आली.

परतल्यावर काही वर्षांनी, १९५२ साली, कोसंबींनी अमेरिकेतल्या मन्थली रिव्ह्यू या डाव्या मासिकात विज्ञान आणि स्वातंत्र्य या विषयावर लेख लिहिला. त्याचा रोख साधा होता. शास्त्रज्ञ आपल्या स्वातंत्र्याबद्दल तक्रार करतात, पण त्यांचा पगार बडे उद्योग आणि युद्धखाते देते. पैसा ज्याचा, प्रश्नही हळूहळू त्याचाच होतो. संशोधन गुप्त झाले की दुसऱ्याने चूक दाखवण्याची वाट बंद होते, आणि चूक दाखवता येत नाही तिथे विज्ञान जगत नाही. बँकेतल्या माणसाला हे चटकन पटते. ज्या खात्याची तपासणी होत नाही, ते खाते नेहमी उत्तम चाललेले दिसते.

हाच प्रश्न कोसंबींनी दुसऱ्या छावणीला तितक्याच कठोरपणे विचारला काय? इथे थोडे थांबावे लागते. ते जागतिक शांतता परिषदेचे सदस्य होते. हिरोशिमानंतर अण्वस्त्रांवर बंदी मागणे हे कोणत्याही शहाण्या माणसाचे काम होते, आणि ते त्यांनी मनापासून केले. रशिया आणि चीनचे दौरे केले. पण ही परिषद मॉस्कोच्या आधाराने चालत होती. १९५६ च्या शरदात सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले, तेव्हा शांततेच्या त्या व्यासपीठाला एका आवाजात निषेध करता आला नाही.

याहून बोचरी गोष्ट त्यांच्या स्वतःच्या विज्ञानातली आहे. १९४४ साली कोसंबींनी आनुवंशशास्त्रातले एक सूत्र मांडले. गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधले अंतर काढण्याचे ते सूत्र त्यांच्या नावाने आजही जगभर वापरले जाते. त्याचा पाया मेंडेलच्या आनुवंशशास्त्राचा. ऑगस्ट १९४८ मध्ये मॉस्कोतल्या कृषी अकादमीच्या अधिवेशनात लायसेन्को यांनी हे सारे शास्त्र भांडवलशाही थोतांड ठरवले, आणि त्यामागे स्टालिनची संमती होती. थोर वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव्ह तर आधीच, १९४३ मध्ये, सारातोवच्या तुरुंगात वारले होते. म्हणजे ज्या देशाच्या आधाराने चालणाऱ्या परिषदेत कोसंबी बसत होते, त्या देशाच्या वर्गांत कोसंबींचे सूत्र शिकवणे हा अपराध ठरला असता. लायसेन्को यांचा अंमल १९६४-६५ पर्यंत टिकला. कोसंबींच्या शांतताविषयक लेखनात अमेरिकेवर जेवढे कोरडे आहेत, तेवढे रशियावर नाहीत. एवढ्या तीक्ष्ण नजरेच्या माणसाच्या खात्यावर ही बाकी नावे टाकावीच लागते.

पण त्यांना त्या छावणीचे शिपाई म्हणणेही अन्याय होईल. कम्युनिस्ट पक्षाचे सभासद ते झाले नाहीत. श्रीपाद अमृत डांगे यांचे प्राचीन भारतावरील पुस्तक १९४९ मध्ये आले, तेव्हा डांगे पक्षाचे आघाडीचे नेते होते. कोसंबींनी भांडारकर संस्थेच्या नियतकालिकात त्या पुस्तकाची अशी चिरफाड केली की तिची आठवण अभ्यासक अजून काढतात. पोथी पाठ करून भारताचा इतिहास त्यात कोंबणाऱ्यांना त्यांनी अधिकृत मार्क्सवादी असे उपरोधिक नाव ठेवले. मार्क्सची पद्धत घ्यावी, निष्कर्ष उसने घेऊ नयेत, हा त्यांचा आग्रह. पक्षाला ते कधी परवडले नाहीत.

समोरच्या बाजूला काय चालले होते? मार्च १९५१ मध्ये मुंबईत सांस्कृतिक स्वातंत्र्याची परिषद भरली. मिनू मसानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची भारतीय शाखा चालवली. १९५५ मध्ये निसीम इझिकेल यांच्या संपादकत्वाखाली क्वेस्ट हे देखणे नियतकालिक निघाले. त्यातली बहुतेक माणसे प्रामाणिक उदारमतवादी होती, आणि सोव्हिएत छळछावण्यांबद्दल ती जे सांगत होती ते खरे होते. पण या परिषदेच्या जागतिक संघटनेमागे अमेरिकन हेरखात्याचा पैसा आहे, हे एप्रिल १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रातून बाहेर आले आणि १९६७ मध्ये पुरते सिद्ध झाले. स्वातंत्र्यावर निष्ठेने लिहिणाऱ्या माणसांना आपला जामीनदार कोण आहे हे ठाऊक नव्हते. खरे बोलणाऱ्यावरही संशय यावा, ही या दोन महासत्तांनी आपल्याला दिलेली देणगी. शांतता म्हणणारा रशियाचा हस्तक, स्वातंत्र्य म्हणणारा अमेरिकेचा दलाल. शब्दांचीच अशी नाकेबंदी झाल्यावर दोन्ही एकदम मागणाऱ्याने जावे कुठे?

आणि आपले स्वतःचे सरकार तरी कुठे दूर होते? अलिप्ततेचे धोरण बाहेरच्या जगासाठी. घरात मात्र शीतयुद्धाची सवय आपणही उचलली. १९४८ च्या अणुऊर्जा कायद्यात गुप्ततेची कलमे होती. ब्रिटनने गुप्तता संरक्षणापुरती ठेवली, आपण शांततेच्या संशोधनालाही का लावतो, असा प्रश्न तेव्हाच सभागृहात विचारला गेला होता. होमी भाभा यांनीच कोसंबींना संस्थेत आणले होते. कोसंबींनी मात्र उघडपणे म्हणायला सुरुवात केली की या गरीब, उन्हाच्या देशाला अणुभट्टी परवडणारी नाही. भट्टी आली की परदेशी मदत येते, गुप्तता येते, सारी सत्ता मूठभरांच्या हाती जाते. ऊन मात्र गावोगाव फुकट पडते. १९६० मध्ये पुण्यातल्या व्याख्यानातही त्यांनी हेच मांडले. त्याच वर्षी तुर्भ्याला कॅनडाच्या मदतीने आणि अमेरिकेच्या जड पाण्याने सायरस अणुभट्टी सुरू झाली.

१९६२ मध्ये त्यांच्या नेमणुकीचे नूतनीकरण झाले नाही. न्यायाने सांगायचे तर यात राजकारण एवढेच नव्हते. रीमानच्या प्रसिद्ध अनुमानाची सिद्धता आपल्याला सापडली असे त्यांनी १९५९ मध्ये एका शेतकी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात जाहीर केले होते. ती सिद्धता टिकली नाही आणि गणितज्ञांत त्यांची पत उतरली. जो माणूस चुकतो त्याला दूर करायला कारण सापडते. पण अणुऊर्जेच्या घरात बसून अणुऊर्जेवर टीका करणारा माणूस संस्थेला जड झाला होता, हेही तितकेच खरे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चीनचे युद्ध आले, आणीबाणी पुकारली गेली, भारत संरक्षण कायद्याखाली शेकडो कम्युनिस्ट स्थानबद्ध झाले. ती आणीबाणी युद्ध महिनाभरात संपूनही १९६८ पर्यंत चालू राहिली. चीनला मित्र मानणाऱ्या कोसंबींसाठी तो काळ किती एकाकी असेल, याची कल्पना करता येते.

डेक्कन क्वीनचा प्रवास संपला. १९६४ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी संलग्न असे मानद काम मिळाले. १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचा त्यांचा ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाला. जानेवारी १९६६ मध्ये भाभा विमान अपघातात गेले. २९ जून १९६६ रोजी, साठी गाठण्याआधीच, कोसंबी पुण्यात झोपेतच वारले. २००८ मध्ये सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. २०२५ च्या आरंभी देशातली सौरविजेची क्षमता १०० गिगावॉटच्या पुढे गेली. अणुविजेची तेव्हा ९ गिगावॉटच्या आत होती. या आकड्यांनी कोसंबी सर्वस्वी बरोबर ठरत नाहीत, पण त्यांचा प्रश्न ऐकून घेण्यासारखा होता एवढे नक्की ठरते.

मला त्यांच्या आयुष्याचा ताळेबंद मांडताना एकच गोष्ट पुनःपुन्हा जाणवते. समोरच्या छावणीतला अन्याय दिसायला धैर्य लागत नाही. तो दाखवला की आपले लोक टाळ्या वाजवतात. उदारमतवादाची कसोटी आपल्याच छावणीत लागते. कोसंबींनी डांग्यांना प्रश्न विचारला, भाभांना विचारला, आणि दोन्हींची किंमत मोजली. मॉस्कोला विचारायचा राहिला. क्वेस्टच्या मंडळींनी मॉस्कोला विचारला. आपल्या खजिनदाराला विचारायचा राहिला. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला, त्याची गुळगुळीत मासिके रद्दीत गेली. पण शंका विचारणाऱ्याला आधी तू कुणाचा, असे विचारायची सवय मात्र आपल्या घराघरांत, कचेऱ्यांत राहून गेली.

सकाळी बदलापूरच्या फलाटावर अजून ती गाडी न थांबता जाते. मी आता दोन पावले मागे सरतो, आणि तिच्या खिडक्यांकडे पाहतो.